गांजाचे व्यसन संमोहन उपचाराने सुटू शकते का?
केवळ संमोहनाने गांजा सुटेल, या भरवशावर कृपया राहू नका; गांजाच्या व्यसनावरील त्याच्या परिणामाचा पुरावा अजून तोकडा आहे. गांजा थांबवल्यावर पहिल्या आठवड्यात चिडचिड, निद्रानाश आणि अन्नावरची वासना उडणे हा त्रास सर्वाधिक जाणवतो, आणि रात्री दोन वाजता डोळ्याला डोळा लागत नसताना ‘एकच झुरका’ असे मन म्हणू लागते, तेव्हा अनेकांचा निश्चय ढळतो. संमोहनात शिकवलेले शिथिलीकरण, म्हणजे शरीर-मन सैल सोडण्याचे तंत्र, त्या घटकेला सोबत करू शकते. मुख्य आधार मात्र मानसोपचारतज्ज्ञ आणि वर्तनोपचार (सवयी व विचार बदलण्याचे समुपदेशन) यांचाच असावा. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र किंवा १४४४६ ही मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन येथून सुरुवात करता येईल. भास किंवा संशय येत असतील, तर संमोहन टाळून आधी मनोविकारतज्ज्ञांना दाखवावे.