मोठ्या शहरात नुसत्या हौसेपोटी सायकल चालवणाऱ्याचं रोजचं आयुष्य कसं असतं?

तुम्ही लिहिलंय की वय सेहेचाळीस, सायकल शेवटची चालवली ती शाळेत, आणि आता एक घ्यावीशी वाटतेय. ऑफिसला न्यायची नाही, शर्यतीत उतरायचं नाही, निव्वळ हौस. अशा माणसाचं मोठ्या शहरात रोजचं चित्र कसं असतं, आणि भीती वाटत नाही का, असं विचारलंय.

वाटते. अकरा वर्षं झाली तरी वाटते, आणि ती थोडी वाटत राहावी असंच माझं मत आहे. मी आठवड्यातून चार दिवस पहाटे निघतो आणि दीड तासात पंचवीस-एक किलोमीटर करून परततो. सुरुवातीला वाटायचं, आता मांड्या-पोटऱ्यांची परीक्षा. त्या महिनाभरात सरावल्या. घरी येऊन बूट काढताना खरे दमलेले असतात ते डोळे, आणि डोळ्यांमागचं डोकं. शहरातली सायकल ही लक्ष ठेवण्याची हौस आहे, पायांचा वाटा त्यात फार थोडा. हे मला आधी कळलं असतं तर पहिली सायकल वेगळी घेतली असती.

साधा हिशोब बघा. ताशी १८ किलोमीटर हा आरामाचा वेग, शेजारच्याशी गप्पा मारत जाता येईल असा. या वेगाने सायकल सेकंदाला बरोबर ५ मीटर पुढे सरकते. समोर काही आडवं आलं तर ते दिसून बोटं ब्रेकवर आवळेपर्यंत एक सेकंद जातो, म्हणजे ५ मीटर गेले. मग रस्ता कोरडा असेल आणि दोन्ही ब्रेक नीट लागले तर थांबायला अजून तीनेक मीटर. म्हणजे माझ्या पुढच्या चाकासमोर आठ मीटरांचा एक पट्टा कायम धावत असतो, आणि त्यात जे व्हायचं ते आधीच ठरून गेलेलं असतं. हे एकदा मनात बसलं की नजर आपोआप त्या पट्ट्याच्या पलीकडे जाऊन बसते. पुढची गाडी वळणार का, हे ड्रायव्हरच्या चेहऱ्यापेक्षा तिचं पुढचं चाक आधी सांगतं. फुटपाथवरचं पोर माझ्याकडे बघतंय की चेंडूकडे? रस्त्यावरचा तो काळा डाग सावली आहे, पाणी आहे की सांडलेलं तेल? दीड तास हे असं चालू असतं. कानात गाणी लावून जाणारे दिसतात तेव्हा मला त्यांचं कौतुक वाटत नाही.

सगळ्यात जास्त लक्ष मी ठेवतो ते कडेला उभ्या असलेल्या गाड्यांवर. त्याला कारण आहे. तिसऱ्या महिन्यात, मागून येणाऱ्यांना आपला त्रास नको म्हणून मी उभ्या गाड्यांना अगदी चिकटून जात होतो. एका गाडीचं दार उघडलं. हँडल त्यावर आपटलं आणि मी रस्त्याच्या मधोमध आडवा. मागची गाडी लांब होती, एवढंच नशीब. खांदा सहा आठवडे दुखला. दार उघडणारा बिचारा माझ्यापेक्षा जास्त घाबरला होता.

उघडं दार साधारण मीटरभर बाहेर येतं. तेव्हापासून मी उभ्या गाड्यांपासून दीड मीटर राखूनच जातो, मग मागचा कितीही चिडो. पहिल्या वर्षी हॉर्नने दचकायचो. आता हिशोब उलटा झालाय: हॉर्न वाजवणाऱ्याने मला पाहिलेलं असतं, धास्ती न वाजवणाऱ्याची. नेदरलँड्समध्ये गाडीचं दार दारापासून लांबच्या हाताने उघडायची सवय लावतात. तसं केलं की अंग आपोआप वळतं आणि मागून येणारा सायकलवाला दिसतो. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये, म्हणजे तिथल्या रस्त्याच्या नियमांच्या पुस्तिकेतही, २०२२ साली ही सूचना घातली गेली. मी स्वतः गाडीतून उतरतो तेव्हा असंच करतो. घरचे हसतात.

मोठ्या ट्रकबद्दल एकच सांगतो, आणि त्यात अपवाद नाही. चौकात ट्रक आणि रस्त्याची कड यांच्यामधल्या मोकळ्या जागेत कधीही शिरायचं नाही. ती जागा मोकळी वाटते कारण ट्रक अजून वळलेला नसतो, आणि ड्रायव्हरला तुम्ही तिथे दिसतही नाही. मागे थांबा. एक सिग्नल गेला तर गेला.

सिग्नलवरून आठवलं. "आमचं शहर सपाट आहे, दमायला काय होतंय," असं म्हणणारे भेटतात. शहर सपाट असतं, सिग्नल सपाट नसतात. ताशी १८ च्या वेगाने येऊन पूर्ण थांबायचं आणि पुन्हा तोच वेग धरायचा, याला लागणारी ऊर्जा सव्वा मीटर चढ चढण्याइतकी असते. गंमत म्हणजे तुमचं वजन कितीही असो, हा सव्वा मीटर बदलत नाही. वीस सिग्नल लागले तर २५ मीटर, म्हणजे सात-आठ मजली इमारत चढून गेलात. आता हाच वेग ताशी २५ केला तर प्रत्येक थांब्याचा चढ जवळजवळ अडीच मीटर होतो. दोन सिग्नलांच्या मध्ये जीव तोडून पळायचं आणि पुढे जाऊन लाल दिव्यासमोर धापा टाकत उभं राहायचं, हे मी दोन वर्षं केलं. त्यात मागे पडलेला माणूस शांतपणे येऊन शेजारी थांबतो तेव्हा फार ओशाळायला होतं. आता लांबून लाल दिवा दिसला की पेडल मारणं सोडतो आणि सायकल आपली आपण घरंगळू देतो. कधी कधी पोहोचेपर्यंत हिरवा होतो, मग तो सव्वा मीटर वाचला. थांबावंच लागणार असेल तर थांबण्याआधी हलका गिअर टाकून ठेवायचा, कारण बहुतेक सायकलींचे गिअर पेडल फिरत असतानाच बदलतात. हे विसरलात की हिरव्या दिव्यावर जड गिअरमध्ये लटपटत निघता, आणि मागे सगळा चौक वाट बघत असतो.

आता पहिली सायकल. मी घेतली होती २३ मिलिमीटर टायरची, खाली वळलेल्या हँडलची, दिसायला बाणासारखी. त्या हँडलवर मान खाली आणि पाठ आडवी. म्हणजे लांबवर बघायचं असेल तर मान मोडेपर्यंत वर करायची, आणि खांद्यावरून मागे बघायचं म्हणजे सायकल वाकडी जाणार. ज्या कामाला सगळ्यात जास्त डोळे लागतात त्यात मी डोळेच बांधून घेतले होते. शिवाय तो टायर एकदा गटाराच्या जाळीच्या फटीत गेला. सध्याची सायकल सरळ हँडलची आहे, टायर ३७ मिलिमीटरचे. ताठ बसून सगळं दिसतं, आणि खड्ड्यांचे धक्के निम्मे टायरच पचवतात. वेग थोडा कमी मिळतो. मला कुठे पोहोचायचं असतं?

सीटची उंची मात्र लगेच ठीक करून घ्या, कारण नव्याने सुरू करणारे बहुतेक सगळे ती फार खाली ठेवतात. दोन्ही पाय जमिनीला टेकावेत असं वाटतं ना, म्हणून. त्याने गुडघे दुखतात आणि दोष वयाला दिला जातो. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवा, पेडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने पेडल मारताना गुडघा जेमतेम वाकलेला राहतो. थांबताना सीटवरून पुढे उतरायचं. पंधरा दिवसांत सवय होते.

घरातल्या बाजूबद्दल कुणी सांगत नाही. सायकल रात्रभर खाली ठेवायची छाती होत नाही, म्हणून ती दारातल्या बोळकांडीत भिंतीला टेकलेली असते आणि त्या भिंतीवर हँडलच्या उंचीला एक काळा पट्टा उमटलेला असतो. चेन पुसायची फडकी कपड्यांच्या धुण्यात गेली म्हणून झालेलं भांडण अजून निघतं. एकदा लिफ्टमध्ये मावावी म्हणून पेडल काढायला बसलो. उजवं निघालं. डाव्यावर अर्धा तास पान्ह्याला लोंबकळलो, शेवटी बोटं सोलवटली तेव्हा कुणीतरी सांगितलं की डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. मी अर्धा तास ते घट्ट करत होतो.

पंक्चर काढायला शिका, नाहीतर प्रत्येक फेरीत घरापासूनचं अंतर मोजत बसाल. ट्यूब विकत घेताना दोन गोष्टी बघायच्या. टायरच्या बाजूला ३७-६२२ असे आकडे कोरलेले असतात: पहिला टायरची रुंदी, दुसरा तो ज्या रिमवर बसतो तिचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. इंचांचे आकडे फसवे असतात, हे फसवत नाहीत. दुसरं म्हणजे व्हॉल्व्ह. जाड व्हॉल्व्ह श्रेडर, मोटारीच्या टायरला असतो तोच. बारीक तो प्रेस्टा, त्याच्या टोकाची चिमुकली चकती सैल केल्याशिवाय हवा आत जात नाही. बारीक व्हॉल्व्हच्या भोकात जाड व्हॉल्व्ह शिरत नाही, हे मी घरापासून चौदा किलोमीटरवर, हातात नवीकोरी ट्यूब घेऊन शिकलो. आणि नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवा. ज्या काचेने पहिली ट्यूब फोडली ती तिथेच दुसरीची वाट बघत असते. सावकाश फिरवा म्हणजे बोट शाबूत राहील.

हेल्मेट घालाच, पण त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवायची ते माहीत असू द्या. युरोपातल्या ईएन १०७८ या मानकाच्या चाचणीत हेल्मेट सपाट पृष्ठभागावर सेकंदाला ५.४२ मीटर वेगाने आपटतात. म्हणजे साधारण दीड मीटर उंचीवरून पडण्याइतका मार. तोल जाऊन डोकं रस्त्यावर आपटणं त्याने निभावतं. गाडीखाली जाण्यासाठी ते बनवलेलंच नाही, त्यामुळे हेल्मेट आहे म्हणून धाडस वाढवण्यात अर्थ नाही. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून चांगलं दिसलं तरी बदलायचं.

पावसात मी निघतो, पण भित्र्यासारखा. रस्त्यावरचे रंगवलेले पट्टे आणि लोखंडी झाकणं ओली झाली की साबणासारखी होतात. त्यांच्यावर असताना वळायचं नाही आणि ब्रेकही लावायचा नाही, सरळ ओलांडून जायचं. रूळ आडवे आले तर काटकोनात. रबर रिमवर घासून थांबणारे ब्रेक असतील तर ओल्या रिमवर पहिले एक-दोन फेरे ते नुसतं पाणी पुसतात, मग पकडतात. माझा आठ मीटरांचा पट्टा पावसात बारा-चौदा धरतो.

हौशी लोकांच्या घोळक्यांत मी फारसा रमलो नाही. तिथे बोलणं लवकर ग्रॅमवर जातं: कुणाची सीट किती ग्रॅमने हलकी. माझ्या वाटेवर रोज एक गृहस्थ भेटतात. जुनी, जड, एकाच गिअरची सायकल, कॅरिअरला ओझं बांधलेलं, कामावर निघालेले. त्यांचा आणि माझा वेग तंतोतंत सारखा आहे, आणि माझ्या अंगावर खास सायकलीचे कपडे असतात. पहिली काही वर्षं हे मला झोंबायचं. नंतर मी त्यांच्या मागेच राहायला लागलो, कारण कुठल्या गल्लीत खड्डे बुजवलेत, कुठे रस्ता खणलाय, हे त्यांची सायकल मला आधी सांगते. गल्ल्यांतून जाण्याची सवय त्यांच्यामुळेच लागली. हमरस्त्यापेक्षा दोन किलोमीटर जास्त पडतात, पण धूर कमी आणि गाड्यांचा वेगही कमी.

सायकल घ्यायच्या आधी एक करा. ज्या वाटेने जायचा विचार आहे त्या वाटेने एका सकाळी, तुम्ही निघणार त्याच वेळेला, पायी चालत जा आणि कडेला उभ्या गाड्यांपैकी कितींच्या आत माणूस बसलेला आहे ते मोजा. मी मोजलं, पण खांदा दुखत असताना. एका किलोमीटरमध्ये एकोणीस निघाले. दुसऱ्या दिवशी मागच्या गल्लीत मोजलं तर तीन.