'साबण' पोर्तुगीज की अरबी?

इंडोनेशियात आणि तुर्कस्तानात साबणाला 'साबुन' म्हणतात, पोर्तुगीजांचा 'साबांव'ही त्याच्या जवळचा वाटतो; मग पाव-बटाट्यांप्रमाणे 'साबण'ही आपण पोर्तुगीजांकडूनच घेतला का, असा प्रश्न आहे.

माझ्या मते नाही, आणि त्याचा पुरावा मराठीतच सापडतो. पोर्तुगीज शब्दाच्या शेवटी स्पष्ट 'न' नसून अनुनासिक 'आंव' आहे, आणि असा शेवट असलेले शब्द मराठीत 'आव' होऊन रुळले: 'पांव'चा पाव झाला, 'लेइलांव'चा लिलाव झाला. साबण त्याच वाटेने आला असता, तर आज आपण अंगाला 'साबाव' लावत असतो. याउलट अरबीतील 'साबून' फारसीमार्गे आला असे मानले, की शेवटच्या व्यंजनाचा उलगडा होतो, कारण फारसी 'निशान'चे निशाण झाले, तसाच इथे 'न'चा 'ण' झाला. (दुकान आणि मैदान यांनी मात्र आपला 'न' सोडलेला नाही, तेव्हा हा नियम नव्हे, कल म्हणावा.)

तरीही पोर्तुगीज आणि अरबी हे दोन्ही शब्द मुळात एकच आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनी याने 'सापो' या पदार्थाची नोंद केली आहे. चरबी आणि राख यांपासून केलेला हा पदार्थ गॉल लोकांनी (आजच्या फ्रान्सच्या भागातील प्राचीन रहिवाशांनी) शोधला, तो केस तांबूस करण्यासाठी वापरतात आणि जर्मन टोळ्यांत बायकांपेक्षा पुरुषच तो अधिक वापरतात, असे तो सांगतो. म्हणजे लॅटिनमध्ये या शब्दाने प्रवेश केला तो धुलाईचे साधन म्हणून नव्हे, केशरंग म्हणून! लॅटिनने तो बहुधा जर्मानिक भाषांतून उचलला. इंग्रजी 'सोप' त्याच जर्मानिक घराण्यातला. 'सापो' नावाच्या टेकडीवरील यज्ञांची चरबी नदीत वाहून साबण सापडला, ही कथा लोकप्रिय असली तरी अशी टेकडी रोमजवळ कुठेही नाही.

लॅटिनमधून एक शाखा पोर्तुगीज, स्पॅनिश, फ्रेंच अशी गेली. दुसरी ग्रीकमार्गे पश्चिम आशियात पोहोचून अरबीत स्थिरावली, आणि पुढे व्यापाराबरोबर तुर्की, मलय, स्वाहिली ('साबुनी') अशा एकमेकींशी कसलेही नाते नसलेल्या भाषांत शिरली. द्राविडी कुळातल्या कन्नडमध्येही 'साबूनु' आहे. वस्तू आणि नाव एकत्र प्रवास करतात, तेव्हा भाषाकुळांच्या सीमा आड येत नाहीत. रिठा आणि शिकेकाई आपल्याकडे आधीपासून होत्या, म्हणून त्यांना परके नाव घ्यावे लागले नाही.

जपानीत हा शब्द आयबेरियन (म्हणजे पोर्तुगीज किंवा स्पॅनिश) व्यापाऱ्यांकडून 'शाबोन' या रूपात पोहोचला. तिथे साबणाला आता 'सेक्केन' म्हणतात; 'शाबोन' प्रामुख्याने उरला आहे तो मुलांनी उडवायच्या साबणाच्या फुग्यांच्या नावात, 'शाबोनदामा'त.