दाढेतले खडे आणि हृदयाची काळजी

प्रश्न : माझे वय ५२ वर्षे आहे. दातांच्या एक्स-रेमध्ये माझ्या तीन दाढांच्या आत खडे दिसले. दुखत काहीच नाही. पण असे खडे असणाऱ्यांना हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार असू शकतो, असे वाचनात आले. मी पुढच्या तपासण्या करून घ्याव्यात का?

उत्तर : केवळ या खड्यांमुळे तपासण्या करण्याची गरज नाही. दाताच्या मधोमध नसा आणि रक्तवाहिन्या असलेला जो मऊ गर असतो, त्यात कॅल्शियम फॉस्फेट साचून हे खडे तयार होतात. एक्स-रेमध्ये ते दाढेच्या पोकळीत पांढुरक्या ठिपक्यासारखे दिसतात, सुमारे ०.२ मिलिमीटरपेक्षा लहान असतील तर बहुधा दिसतही नाहीत. वाढते वय, जुनी कीड, खोलवर भरलेले सिमेंट किंवा चांदी, दाताला बसलेला मार, हिरड्यांचा जुनाट आजार अशा कारणांनी ते होतात आणि दाढांमध्ये अधिक आढळतात.

हृदयाशी संबंध जोडला गेला तो रक्तवाहिन्यांच्या भिंतीतही कॅल्शियम साचते म्हणून. काही पाहण्यांमध्ये हृदयरुग्णांच्या दातांत असे खडे जास्त आढळले, तर काहींमध्ये तसा फरक दिसला नाही. शिवाय दातातले खडे आणि हृदयविकार या दोन्हींचे प्रमाण वयाबरोबर वाढत असल्यामुळे, वयाचा हिशेब काटेकोरपणे न करता केलेल्या तुलनेवर विसंबून एखाद्या माणसाच्या हृदयाविषयी निदान करणे मला मुळीच पटत नाही.

मूत्रपिंडाच्या बाबतीत चित्र थोडे वेगळे आहे. मूत्रपिंडे बरीच निकामी झाली की रक्तातील कॅल्शियम आणि फॉस्फेटचा तोल बिघडतो, आणि अशा रुग्णांमध्ये, त्याचप्रमाणे प्रत्यारोपणानंतर दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांमध्येही, दाताची पोकळी अरुंद झालेली आढळते. मात्र तेथे आजार आधीच माहीत असतो. दातावरून तो शोधावा लागत नाही. मुतखड्याशीही याची गल्लत करू नये, कारण बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात.

खडे काढण्याचीही आवश्यकता नाही. पुढे त्या दाढेचे रूट कॅनल करावे लागले, तर खडा नलिकेच्या तोंडाशी आडवा येतो आणि डॉक्टरांना तो अल्ट्रासॉनिक उपकरणाच्या टोकाने मोकळा करावा लागतो. तेव्हा हा एक्स-रे जपून ठेवा.

संपूर्ण जबड्याच्या एक्स-रेमध्ये मानेतील मुख्य रोहिणीजवळ कॅल्शियमचे ठिपके दिसले, तर मात्र डॉक्टरांकडे जायला हवे. ती बाब दातातल्या खड्यांहून कितीतरी गंभीर आहे. बाकी रक्तदाब, रक्तातील साखर, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिने यांच्या तपासण्या तुमच्या वयामुळे आणि घरातील आजारांच्या इतिहासामुळे कराव्यात की नाही, हे तुमच्या फॅमिली डॉक्टरांना विचारा.