इंग्रजीच्या तासाला ‘कशावरून?’

सप्रेम नमस्कार,

तुझं पत्र मिळालं. मराठी माध्यमाच्या नववी-दहावीला इंग्रजी शिकवायचं, साठ-साठ मुलांचे वर्ग, पस्तीस मिनिटांचा तास, आणि वरून प्रशिक्षणात मिळालेला आदेश: मुलांमध्ये चिकित्सक विचार रुजवा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तेच लिहिलंय. सोमवारी चौथ्या तासाला नेमकं काय करायचं, ते मात्र कुणी सांगत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

मुलांना विचार करता येत नाही, असं धरून सुरुवात करू नकोस. सातची एसटी चुकली तर पुढची कोणती, ती कुठं बदलायची आणि उशीर झाल्यावर घरी काय सांगायचं, याचा हिशेब ज्याच्या डोक्यात पक्का असतो त्याला कार्यकारणभाव शिकवावा लागत नाही. त्याची अडचण फक्त इंग्रजीची आहे. आपण ‘ओन्ली इंग्लिश’ म्हणून दटावलं की पोरगं मनातलं बोलायचं सोडून जमेल तेवढंच बोलतं. ‘मोबाईल इज गुड. मोबाईल इज बॅड.’ आणि आपण म्हणतो, यांना मतच नाही.

तेव्हा विचार मराठीत होऊ दे, मांडणी इंग्रजीत करून घे. त्यासाठी तासाची विभागणी अशी ठेव. उतारा सात-आठ ओळींपेक्षा मोठा नको. वाचन आणि अवघड शब्द, सात मिनिटं. मग एकच प्रश्न फळ्यावर लिही आणि प्रत्येकाला दोन मिनिटं गप्प बसून एक ओळ लिहू दे, मराठीत लिहिली तरी चालेल. ही दोन मिनिटं कधीही कापू नकोस. ती कापली की पुढच्या बाकावरची पाच मुलं बोलतात आणि बाकीची पंचावन्न ऐकत बसतात. मग शेजाऱ्याशी चार मिनिटं मराठीत चर्चा. त्यानंतर दहा मिनिटं दोघांनी मिळून इंग्रजी वाक्यं तयार करायची. उरलेल्या वेळात सात-आठ जोड्यांची वाक्यं ऐकायची.

वाक्यांचे साचे फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात महिनाभर तसेच राहू देत. पाच पुरेत: ‘आय थिंक… बिकॉज…’, ‘द पॅसेज सेज दॅट…’, ‘द पॅसेज डझन्ट टेल अस…’, ‘धिस मे बी ट्रू, बट…’, ‘हाउ डू वी नो?’ यातला तिसरा सर्वांत कामाचा. उताऱ्यात काय आहे हे मुलांना चटकन सापडतं, पण काय लिहिलेलं नाही हे शोधायची सवय त्यांना कुणी लावलेलीच नसते.

आता व्याकरणाकडे. वेगळा ‘थिंकिंग स्किल्स’चा तास मागायला जाऊ नकोस, मिळणारही नाही. पोर्शनमध्ये जे आहे त्यातच हे सगळं दडलेलं आहे. ‘मस्ट’, ‘मे’, ‘काण्ट’ आपण नियम म्हणून पाठ करून घेतो. त्याऐवजी फळ्यावर लिही: ‘द शॉप इज क्लोज्ड.’ मुलांकडून कारणं घे. मालक आजारी असेल, गावाला गेला असेल, साप्ताहिक सुट्टी असेल. सगळी वाक्यं ‘मे बी’नं. मग एकेक माहिती दे. शेजारची दुकानं उघडी आहेत. शटरवर पाटी आहे, ‘मंडे क्लोज्ड’. आज सोमवार आहे. प्रत्येक माहितीनंतर विचार, कुठला ‘मे’ आता ‘मस्ट’ झाला? आणि कुठला खरोखरच ‘काण्ट’ झाला? गंमत अशी की पाटी असली तरी मालक आजारी असूच शकतो, म्हणजे तिथं ‘काण्ट’ बसत नाही. हे एखाद्या मुलीनं स्वतःहून म्हटलं की समज, तास वसूल झाला.

पॅसिव्ह व्हॉइसचंही तेच. वर्षानुवर्षं आपण ‘राम ईट्स अ मँगो’ उलटंसुलटं करून घेतो, आणि पॅसिव्ह वापरायचा कशासाठी हे दहावी झाली तरी मुलांना कळत नाही. इंग्रजी वर्तमानपत्राचं एक पान घे आणि ‘बाय’ नसलेली पॅसिव्ह वाक्यं अधोरेखित करायला सांग. फळ्यावर तीन रकाने आख: कर्ता सगळ्यांना माहीतच आहे, कर्ता कुणालाच माहीत नाही, कर्ता माहीत असूनही लिहिलेला नाही. ‘द रिझल्ट्स वेअर डिक्लेअर्ड’ पहिल्या रकान्यात, ‘हर चेन वॉज स्नॅच्ड’ दुसऱ्यात. आणि ‘द फंड्स वेअर नॉट युटिलाइज्ड’? निधी कुणी खर्च केला नाही? इथं वर्गात वाद होईल, होऊ दे. तिसऱ्या रकान्यातली वाक्यं मग मुलांनीच अ‍ॅक्टिव्हमध्ये करायची. कर्त्याची जागा रिकामी राहिली की त्यांना आपोआप दिसतं की इथं कुणाचं तरी नाव असायला हवं होतं. ‘डू अ‍ॅज डायरेक्टेड’चे गुण मिळतातच, वर हे फुकट.

‘इफ’ची वाक्यं शिकवायला कोचिंग क्लासच्या फ्लेक्ससारखा दुसरा उतारा नाही. मात्र खऱ्या क्लासचा फ्लेक्स वर्गात आणू नकोस. कुणाचा तरी मामा त्याचा मालक निघतो. स्वतःच एक बनव: ‘हंड्रेड पर्सेंट रिझल्ट! जॉइन अस टुडे!’ आणि मुलांना फक्त प्रश्न विचारू दे. किती विद्यार्थी बसले होते? कुठल्या वर्षी? प्रवेश देताना चाळणी परीक्षा घेतली होती का? इथपर्यंत मुलं पोचतात. शेवटच्या प्रश्नाकडे तुला त्यांना जरा ढकलावं लागेल: हीच मुलं क्लासविना पास झाली नसती का? ‘वुड दे हॅव पास्ड विदाउट द क्लास?’ पुस्तकात कोरडं वाटणारं हे वाक्य इथं गरजेचं होऊन बसतं, आणि गरज असली की रचना लक्षात राहते.

काय बिघडतं तेही सांगतो. सर्वांत आधी आपली घाई. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेनं १९७० च्या दशकात दाखवून दिलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तेच तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब होतात, गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. आपल्या मुलांना तर मनातल्या मनात भाषांतरही करायचं असतं. तू पाच-सहा सेकंद थांब. फार अवघडल्यासारखं होतं, पण थांब.

दुसरं, तुझा चेहरा. बरोबर उत्तराला तू लगेच ‘व्हेरी गुड’ म्हणालीस की उरलेली मुलं तेच उत्तर फिरवून देतात. ‘ओके. एनीवन एल्स?’ एवढंच म्हण, तेही चुकीच्या आणि बरोबर उत्तराला एकाच सुरात. तिसरं, बोलता बोलता व्याकरण दुरुस्त करणं. ‘ही डोण्ट नो’ ऐकून कान टवकारतात हे मान्य, पण तोडू नकोस. वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेव आणि शेवटी नाव न घेता त्यातल्या दोन-तीन चुका फळ्यावर घे.

आणि विषय! ‘मोबाईल: शाप की वरदान’ ताबडतोब बंद कर. त्याची दोन्ही बाजूंची उत्तरं गाईडमध्ये छापलेली आहेत, मुलं ती म्हणून दाखवतात आणि आपण त्याला वादविवाद म्हणतो. विषय इतका नेमका कर की गाईडला उत्तर माहीत नसेल: एसटीनं येणाऱ्या मुलींनी बंद करून ठेवलेला मोबाईल दप्तरात आणला तर शाळेनं परवानगी द्यावी का? व्ह्यू-काउंटरव्ह्यूचा, म्हणजे एखाद्या मताची बाजू आणि विरुद्ध बाजू लिहायच्या कृतीचा, सराव यावरच घे. साचा परीक्षेचाच, मजकूर मुलांचा.

मुख्याध्यापक पोर्शनचं विचारतील, पालक गुणांचं. कृतिपत्रिकेत, म्हणजे परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत, उताऱ्याखाली वैयक्तिक प्रतिसादाची कृती असते, ती दाखव. तिथं बहुतेक मुलं उताऱ्यातलीच ओळ उतरवतात. वहीतल्या उत्तराला चार गुण ठेव: मताला एक, कारणाला एक, उताऱ्यातल्या पुराव्याला एक, विरुद्ध बाजूची दखल घेतल्याबद्दल एक. भाषेचे गुण वेगळे. ते यात मिसळले की चांगलं इंग्रजी येणारी दोन मुलं कायम वर राहतात आणि विचार करणारं तिसरं तुझ्या नजरेतून सुटतं. साठ वह्या एकदम घेऊ नकोस. रोज बारा, शनिवारी सुट्टी.

एक सावधगिरी. प्रश्न विचारायची गोडी लागली की मुलं घरी जाऊन वडीलधाऱ्यांनाही ‘कशावरून?’ विचारतात, आणि तक्रार शाळेत येते. पहिले दोन-तीन महिने जाहिराती, सूचना, बातम्या, दुकानाच्या पाट्या यांच्यापलीकडे जाऊ नकोस. मग व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप घे. युनेस्कोनं आपलं राष्ट्रगीत जगात सर्वोत्तम ठरवल्याचा निरोप अजून फिरतोय, आणि तो खोटा आहे. पण तो खोटा आहे असं तू सांगायचं नाही. कोण म्हणालं, कधी म्हणालं, मूळ कुठं वाचायला मिळेल, हे तीन प्रश्न दे आणि युनेस्कोच्या संकेतस्थळावर मुलांनाच शोधू दे. राष्ट्रगीताविषयी नव्हे, निरोपाविषयी शंका आहे, हे मात्र सुरुवातीलाच स्पष्ट सांग. जात, धर्म, निवडणूक यंदा नकोच. वर्गाचा तुझ्यावर आणि एकमेकांवर विश्वास बसायला एक वर्ष लागतं.

आठवड्यातून एकच तास, एकाच तुकडीत सुरू कर. महिन्याभरानं मुलांनी विचारलेले प्रश्न मला पाठव. त्यांच्याच शब्दांत, चुका न सुधारता.

तुझा,
सर