छोट्या घरासाठी हातकामाचं लाकडी फर्निचर आणि स्मार्ट तंत्रज्ञान एकत्र आणता येतं का?

तुम्ही लिहिलंय की झोपणं, काम आणि सामान सगळं एकाच खोलीत बसवायचं आहे. अस्सल लाकडाचं सांधेकाम हवं आणि चार्जिंग, सेन्सरचे दिवे, वर-खाली होणारं टेबलही हवं. हे नक्की जमतं. मी बरीच वर्षं लाकडी फर्निचर करतो आहे. माझा आग्रह एकच असतो: नीट सांधलेलं सागाचं कपाट नातवंडांपर्यंत टिकतं, पण त्यातल्या दिव्यांचा ड्रायव्हर, म्हणजे वीज १२ किंवा २४ व्होल्टवर आणणारी डबी, काही वर्षांत जाते. ती लाकूड न फोडता काढता आली पाहिजे.

हे मी नुकसान सोसून शिकलो. एका टेबलाच्या पाठीत दिव्यांची पट्टी आणि ड्रायव्हर ठेवून वरची फळी गोंदाने बंद केली होती. एकही वायर दिसत नव्हती. तिसऱ्या वर्षी दिवे लुकलुकायला लागले आणि ती फळी पटाशीने फोडावी लागली. आता विजेच्या भागावर सरकती फळी ठेवतो: दोन्ही बाजूंना खाच, त्यात पातळ फळी, गोंद नाही, स्क्रू नाही. जुन्या लाकडी पेट्यांची सरकती झाकणं अशीच असत. ड्रायव्हर तापतो, म्हणून वर-खाली झिरी सोडतो.

दुसरी गोष्ट टेबलाची, आणि इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. मोटरच्या टेबलाचा सांगाडा लोखंडी, तो हवेतल्या ओलाव्याने हलत नाही. वरची अखंड लाकडाची फळी मात्र हलते. लांबीत जवळजवळ नाही, रुंदीत नक्की. ६० सेंटीमीटर रुंद सागाची फळी दमट आणि कोरड्या दिवसांत तीन-चार मिलिमीटर कमी-जास्त होऊ शकते. स्क्रू गच्च आवळले तर ती तडकते. म्हणून सांगाड्याची भोकं रुंदीच्या दिशेने लांबट करून घ्या आणि स्क्रूखाली वॉशर घाला. चौकटीच्या दारातलं पॅनेल गोंद न लावता खाचेत मोकळं सोडतात, त्याचं कारणही हेच.

फोन ठेवताच चार्ज व्हावा असं वाटत असेल तर चार्जर आणि फोन यांच्यात जेमतेम काही मिलिमीटर अंतर चालतं. जाड फळीखाली चार्जर लावून उपयोग नाही, फळी खालून कोरावी लागते. पण त्या जागी पितळेचं जडकाम करू नका. मला जडकाम फार आवडतं, तरी सांगतो: चार्जरमधल्या कॉइलच्या, म्हणजे तारेच्या वेटोळ्याच्या, चुंबकीय क्षेत्रात धातू तापतो. तिथे गडद लाकडाची जडण करा, तेवढीच देखणी दिसते.

कपाटातल्या दिव्यासाठी महागडा सेन्सर लागत नाही. शरीराची उष्णता ओळखणारा सेन्सर लाकडाच्या किंवा काचेच्या आडून पाहू शकत नाही. रडारवाला लाकडापार पाहतो, पण पातळ भिंतीपलीकडच्या माणसालाही ओळखतो आणि छोट्या घरात दिवे उगाच लागत राहतात. दाराला चुंबकाचा स्विच लावा. दार उघडलं की दिवा लागतो.

भिंतीत दुमडणाऱ्या पलंगाला मी मोटर लावत नाही. दाबलेल्या गॅसचे दांडे किंवा स्प्रिंग पुरतात, आणि वीज गेली तरी रात्री पलंग खाली येतो. तो विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीलाच बांधा, हलक्या पार्टिशनला नाही.

फर्निचरमध्ये यंत्र घालण्याची हौस काही आजची नाही. डेव्हिड रोंटगेन या जर्मन फर्निचर कारागिराने १७७९च्या सुमारास केलेल्या, आता बर्लिनच्या संग्रहालयात असलेल्या कपाटात किल्ली फिरवली की छुपे खण उघडतात. ते सगळं स्प्रिंग, खटके अशा यांत्रिक भागांवर चालतं, म्हणून आजही दुरुस्त होऊ शकतं. अ‍ॅपवर चालणारी वस्तू घेताना इंटरनेट बंद असताना ती चालते का, आणि साधं बटण आहे का, हे दुकानातच तपासा. २०२२ साली आलेलं 'मॅटर' मानक, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्मार्ट साधनांसाठीचे समान नियम, पाळणारी साधनं घरच्या घरी चालवता येतात, त्यामुळे कंपनीने सर्व्हर बंद केला तरी सहसा अडत नाही.

आणि सुताराला एक काम जरूर सांगा: कुठली वायर कुठून जाते, ड्रायव्हर किती व्होल्टचा, किती वॉटचा, हे खणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवायला.