विकसनशील देशांतली गरिबी हटत का नाही? लोकांची मानसिकता हेच मूळ कारण आहे का, आणि त्यावर उपाय काय?

‘मानसिकता’ हा शब्द नसता तर मी हा प्रश्न वाचून पुढे गेलो असतो. हीच गोष्ट आमच्या मामांनी आमच्याच ओसरीवर बसून आम्हाला ऐकवली होती. त्यांचा शब्द होता ‘धीर’.

वसाहतवाद, भ्रष्टाचार, सिंचन, शिक्षण, वाटण्या होऊन गुंठ्यांवर आलेली शेतं, ही कारणं तुम्हाला पाठ असतील आणि ती खरीच आहेत. मी धीराबद्दलच लिहितो.

निफाड तालुक्यात, लासलगाव मार्केटपासून सायकलच्या अंतरावर आमचं गाव. वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. त्यांची अडीच एकर जमीन, त्यातला दीड एकर उन्हाळ कांदा. मे महिन्यातला भाव आणि दसऱ्याचा भाव यांत जो फरक पडेल तीच आमची वर्षाची कमाई. मी आठवीत असताना कांदा साठवायची चाळ भरून आठ दिवसही झाले नव्हते आणि नानांच्या पोटात दुखायला लागलं. गावातल्या डॉक्टरांनी गॅस समजून दोन दिवस इंजेक्शनं दिली. तिसऱ्या दिवशी जीपमध्ये घालून नाशिकला नेलं तेव्हा कळलं की अपेंडिक्स आतच फुटलंय. खाजगी दवाखाना होता. आधी पंधरा हजार भरा, मग ऑपरेशन.

ते पंधरा हजार आईने चार घरं फिरून हातउसने आणले. पण नाना एकोणीस दिवस तिथे होते आणि बिल रोज वाढत होतं. गावच्या सहकारी सोसायटीचं पीककर्ज आधीच उचललेलं, त्यात लग्नसराई, कुणाकडे शिल्लक असणार? आईने चाळ फोडायला लावली. पाच ट्रॉल्या, साधारण दीडशे क्विंटल. पहिली ट्रॉली क्विंटलला २८० रुपयांनी गेली, शेवटची २६० ने. हमाली-तोलाई जाऊन एकोणचाळीस हजार हातात पडले. दवाखाना झाला बहात्तर हजार. तीस हजार गावातल्याच एकाकडून महिना शेकडा तीन व्याजाने घेतले, उरलेल्यात आईची पोत गेली.

दसऱ्याला कांदा सातशेच्या वर होता. चाळीत तिसरा हिस्सा सडला-सुकला असता असं धरलं तरी शंभर क्विंटलचे सत्तर हजार. म्हणजे दवाखान्याचं जवळजवळ सगळं बिल.

मामा भाऊबीजेला आले. सरकारी नोकरी, नाशकात फ्लॅट. फराळ करता करता म्हणाले, “मे महिन्यात कोण कांदा विकतं? चार महिने थांबला असतात तर घरबसल्या दुप्पट झाले असते. तुम्हा लोकांना धीरच नाही.” नाना गप्प बसले. आई चकल्या आणायला म्हणून आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

पुढे सहा-सात वर्षांनी मामांची बायपास झाली. रजा शिल्लक होती, पगार चालू होता, बिल खात्याकडून मंजूर झालं. मामांना एक वाटीसुद्धा विकावी लागली नाही. ते बरे झाले याचा मला आनंदच आहे, पण त्या दोन आजारपणांत धीराचा काय संबंध होता ते मला कुणीतरी समजावून सांगावं. तीस हजारांचं व्याज महिन्याला नऊशे. ताई दहावी चांगल्या मार्कांनी पास झाली होती, पण हे नऊशे कुठून तरी यायला हवे होते, म्हणून ती द्राक्षांच्या पॅकिंगला जायला लागली. मी शिकलो तो तिच्या मजुरीवर. आज मी सातपूरला एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. माल थांबवून ठेवायला आधी पैसा लागतो, हे आमच्या धंद्यात शिकाऊ पोरालाही कळतं.

माझा अनुभव एकट्याचा म्हणून सोडून द्याल, म्हणून सांगतो. पश्चिम केनियात मका पिकवणाऱ्या लहान शेतकऱ्यांचं अगदी हेच रडगाणं. सुगीला पडलेल्या भावात विकायचं आणि काही महिन्यांनी तोच मका महाग घेऊन खायचा. तिथे काहींना सुगीच्या वेळीच थोडं कर्ज देऊन पाहिलं. त्यांनी मका ठेवला, उशिरा विकला आणि कर्ज फेडून हातात जास्त राहिलं. ज्या भागात पुष्कळ जणांना कर्ज मिळालं तिथे तर सुगीचा आणि नंतरचा भाव यांतली तफावतच कमी झाली. लोकांची मानसिकता बदलायला कुणी भाषण दिलं नव्हतं.

दुसरं उदाहरण तामिळनाडूतल्या ऊस उत्पादकांचं. २०१३ साली त्यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याच शेतकऱ्यांना तोडणीच्या आधी हाताशी पैसा नसताना आणि तोडणीनंतर पैसा आल्यावर, बुद्धीच्या सारख्याच चाचण्या दिल्या. तंगीच्या दिवसांत त्यांना कमी जमलं. माणूस तोच, डोकं तेच. आमच्या आईला तेव्हा डॉक्टर काय सांगतायत तेही नीट कळत नव्हतं, आणि एरवी ती ट्रॉलीचा हिशेब तोंडी करायची.

आजारपणाचंही तेच. अनिरुद्ध कृष्णा नावाच्या अभ्यासकांनी राजस्थान, गुजरात, केनिया, युगांडा, पेरू इथल्या गावांत जाऊन घराघराचा इतिहास विचारला. बरी चाललेली घरं खाली कशामुळे आली, याच्या उत्तरात आजारपण आणि दवाखान्याचा खर्च पुन्हा पुन्हा पुढे आला. म्हणजे गरीब घरं वर का येत नाहीत एवढंच विचारून भागत नाही. दरवर्षी नवी घरं खाली येतात, त्यांचं काय?

उपाय विचारलेत, तर माझ्या मते पहिला दवाखाना. आता मोफत उपचारांची महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, नानांच्या वेळी तसलं काहीच नव्हतं. दुसरा, सुगीला हाताशी पैसा. राज्याच्या कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना चांगली आहे. सोयाबीन, तूर, हरभरा गोदामात ठेवा, त्यावर कर्ज घ्या, भाव आला की विका. पण कांदा पोत्यात बंद करून गोदामात टाकता येत नाही, त्याला कोंब फुटतात, तो सडतो, म्हणून आमच्याकडे तिचा उपयोग नाही. तिसरा, हमखास काम. १९७२ च्या दुष्काळात विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून महाराष्ट्राने रोजगार हमी सुरू केली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, देशाला २००५ पर्यंत वाट पाहावी लागली. ज्याला पुढच्या आठवड्याच्या मजुरीची खात्री आहे तो बैल विकत नाही. शाळा, उद्योग, निर्यात वगैरेंवर माझ्यापेक्षा जाणकार लिहितील.

आता थोडं माझ्याच विरुद्ध. थांबून दरवेळी फायदा होतोच असं नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये सरकारने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं आणि लासलगावचे लिलाव बंद पडले, तेव्हा चाळीत कांदा असलेले थांबलेलेच लोक होते. दारूने आणि ऐपतीबाहेरच्या लग्नांनी बसलेली घरंही मी पाहिली आहेत, त्यातलं एक सख्ख्या चुलत्याचं. आणि हे सगळं ज्याच्याकडे दीड एकर तरी आहे त्याच्यापुरतं. सुरगाणा-पेठची जी माणसं द्राक्षाच्या हंगामात आमच्याकडे येतात, त्यांच्याकडे विकायला दोन हात असतात. पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की उचल घेतात आणि ती फिटेपर्यंत ठरलेल्या भावानेच राबतात. थांबायचं म्हणजे काय, हे त्यांना विचारायचं माझं तोंड नाही.

ताई आता चांदवड तालुक्यात असते, तिचीही चाळ आहे. मध्यंतरी सासूच्या दवाखान्यासाठी तिने मे महिन्यातच ट्रॉली भरायला घेतली होती. मी त्याच दिवशी वीस हजार पाठवले. तिने दोन ट्रॉल्या विकल्या, बाकीचा कांदा ठेवला.

मामा असलं काही वाचत नाहीत. मामेभाऊ वाचतो, आणि आत्याच्या घरात पैसा टिकत नाही असं अजूनही म्हणतो. त्या मे महिन्याच्या पाचही हिशेबपट्ट्या आईने पेटीत ठेवल्या आहेत, भाव आणि तारखेसकट. दवाखान्याच्या पावत्यांवरच्या तारखाही त्याच आठवड्यांतल्या आहेत. भाऊबीजेला येशील तेव्हा बघून जा.