रंगाला फुगे, फ्रेम कच्ची?

प्रश्न : स्टीलच्या रेसिंग सायकलला तीनच वर्षं झाली. वरच्या आडव्या नळीवर, हँडलजवळ रंगाला फुगे आलेत. फ्रेमच कच्ची निघाली का?

उत्तर : इतक्यात फ्रेमला नावं ठेवू नका. घरात ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, चालवता का? घाम नेमका तिथेच ठिबकतो. मिठाचं पाणीच ते. केबल घासून रंग उडाला की गंज शिरतो आणि रंगाखालून पसरतो. माझ्या सायकलचा एवढासा फुगा नखाने उचकटला, तर खाली नाण्याएवढा तपकिरी डाग! चकचकीत धातू दिसेपर्यंत पॉलिशपेपर मारा, प्राइमर द्या, मग रंग. खड्डे दिसले तर मात्र जाणकाराला दाखवा. अशा नळ्या मधोमध जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर जाड असतात. आणि हो, सीटपोस्ट (सीटखालची दांडी) काढून नळीच्या आतही बॅटरी मारून बघा.